अर्धें औषध आणि शेजाऱ्याचा जीव

ताप उतरला कीं उरलेल्या गोळ्या फडताळांत ठेवावयाच्या, आणि पुढें शेजारचें मूल आजारी पडलें म्हणजे त्यांतल्याच दोन काढून द्यावयाच्या, हा प्रघात खेड्यापाड्यांतून इतका रूढ आहे कीं त्यास कोणी दोष म्हणत नाहीं. उलट तो शेजारधर्मच समजला जातो. आम्हांस मात्र हा प्रश्न वैद्यकाइतकाच नीतीचाहि वाटतो.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं ११ डिसेंबर १९४५ रोजीं स्टॉकहोम येथें नोबेल पारितोषिकानिमित्त व्याख्यान दिलें. त्यांत त्यांनीं एक कल्पित उदाहरण घेतलें होतें. एका गृहस्थाचा घसा दुखूं लागतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणून घेतो, पण जंतु मरतील इतकें घेत नाहीं. त्या औषधाशीं झगडावयास ते शिकतील इतकेंच घेतो. तेच जंतु पुढें त्याच्या पत्नीस लागतात, तिला न्युमोनिया होतो, आणि पेनिसिलिन देऊनहि ती दगावते. या मृत्यूची मुख्य जबाबदारी फ्लेमिंग यांनीं पतीवर टाकली.

शेतकरी बंधूंस हें सहज समजेल. खुरपणी अर्धी टाकली तर कोवळें गवत जातें, हरळी व कुंदा राहतात, आणि मोकळी झालेली जागा त्यांनाच मिळते. औषध कमी पडलें म्हणजे दुबळे जंतु मरतात व चिवट उरतात. पुढें त्यांची प्रजा त्या औषधास दाद देत नाहीं.

परंतु त्या गृहस्थानें औषध पुरतें घेतलें असतें आणि गोळींतच खोट असती तर? नागपूर जिल्ह्यांतील कळमेश्वर येथील सरकारी रुग्णालयांतून मार्च २०२३ मध्यें सिप्रोफ्लॉक्सासिन या जंतुनाशक औषधाच्या गोळ्या तपासणीसाठीं नेल्या गेल्या. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल डिसेंबरांत आला, कीं गोळ्यांत औषधच नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ सालच्या अंदाजाप्रमाणें अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहा औषधांमागें एक निकृष्ट किंवा बनावट असतें.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. निव्वळ पिठाची गोळी रोग्यास बुडविते, पण जंतूंना कांहीं शिकवीत नाहीं. जिच्यांत औषध आहे पण निम्मेंच आहे, ती गोळी त्या कल्पित गृहस्थाचें काम घरोघर करिते. रोग्यास थोडा उतार पडतो, म्हणून कोणास संशयहि येत नाहीं. पूर्ण लबाडी करणाऱ्यास आपण चोर म्हणतों. खर्च वाचवावा म्हणून औषध थोडें कमी घालणारा कारखानदार, किंवा तापलेल्या पत्र्याखालीं तें नासूं देणारा दुकानदार, यांस निष्काळजी एवढेंच म्हणतों. गांवाच्या बाजूनें पाहिलें तर या दुसऱ्यांचें पाप आम्हांस लहान वाटत नाहीं.

मग दारिद्र्यामुळें औषध अर्धवट घेणारा? जंतु कोणाचा हेतु विचारीत नाहींत, परिणाम तोच होतो. तरी दोषहि तेवढाच म्हणणें अन्यायाचें होईल. ज्या मजुरापाशीं पांच दिवसांच्या गोळ्यांचे पैसे नाहींत व जो दोनच दिवसांच्या नेतो, त्यास बोल लावण्यापूर्वीं उरलेल्या तीन दिवसांचे पैसे मंडळीनें कां भरले नाहींत, हें विचारावें. ज्याला कळतें त्याची गोष्ट निराळी. उपदेशकाच्या दारीं लोक औषध मागावयास येतात, आणि त्यांस रिकाम्या हातीं परत पाठविणें निर्दयपणाचें वाटतें, हें आम्ही जाणतों. तरीहि फडताळांतली गोळी देऊं नये. रोग्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत चालत जावें.

१ मार्च २०१४ पासून असलेल्या नियमाप्रमाणें कित्येक जंतुनाशक औषधें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकतां येत नाहींत, व दुकानदारानें त्यांची वही तीन वर्षें ठेवावयाची असते. नियम चांगला, पण चिठ्ठी देणारा डॉक्टर दूर आणि न विचारतां गोळी देणारें दुकान जवळ, अशी पुष्कळ गांवांची स्थिति आहे. निदान पावती तरी मागावी. दुकानदार रागावला तर रागावूं द्यावा. पावतीवर गोळीचा बॅच नंबर लिहिलेला असतो, आणि गोळी खोटी निघाल्यास ती कोठून आली हें शोधावयास तेवढाच धागा हातीं राहतो.