शेअर म्हणजे वाटा

गेल्या श्रावणात पाऊस लागून राहिला होता. रानात पाय घालता येत नव्हता, म्हणून ओट्यावर बसून होतो. तेवढ्यात सहावीतली नात वही घेऊन आली. ती इंग्रजी शाळेत जाते. बाईंनी एक शब्द दिला होता. त्याचे जेवढे अर्थ घरात, रस्त्यावर, बाजारात सापडतील तेवढे लिहून आणायचे होते. शब्द होता ‘शेअर’.

“आबा, मला दोनच सापडले. फोटो शेअर करणं आणि डबा शेअर करणं.”

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. १९७६ साली परीक्षेला बसलो तेव्हा इंग्रजीत कसाबसा काठावर सुटलो. पण या शब्दाला मी घाबरत नाही. म्हटलं, “अगं, दोनच कसे? या शब्दात माझा जन्म गेलाय. लिही.”

हडपसरच्या गाडीतळावरून मांजरीला येताना आपण बसतो ती शेअर रिक्षा. अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायचं, भाडं वाटून द्यायचं आणि उतरल्यावर ओळख विसरायची. हा एक अर्थ झाला.

दुसरा साखर कारखान्याचा शेअर. ऊस जायचा असेल तर कारखान्याचा शेअर पाहिजे, म्हणून माझ्या वडिलांनी पोटाला चिमटा काढून तो घेतला होता. शेअरचा कागद ते देव्हाऱ्यामागं ठेवायचे. सहकारी कारखान्याची एक रीत चांगली. एकाचा एक शेअर असो की दहा, मत एकच. कंपनीत तसं नाही, तिथं जेवढे शेअर तेवढा आवाज. पुढं आमच्या भागातल्या कारखान्याची चिमणी थंड झाली. शेअरचा कागद अजून आहे, वाळवी लागू नये म्हणून प्लास्टिकात घातलाय.

तिसरा मगरपट्ट्याचा. आमच्या शेजारीच हडपसरला सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली. बिल्डरला तुकडा तुकडा विकून मोकळं होण्याऐवजी सतीश मगर यांच्या पुढाकारानं स्वतःचीच कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन त्या प्रमाणात त्याला कंपनीचे शेअर मिळाले. गुंठ्याचा शेअर झाला. आमच्याकडचे लोक तेव्हा रस्त्यानं जाता-येता तिकडं बघायचे आणि म्हणायचे, आपल्याला का नाही सुचलं.

चौथा नांगराचा. नातीला हा खरा वाटेना, म्हणून आत जाऊन मी बिल आणून दाखवलं. ट्रॅक्टरच्या पल्टी नांगराचे सुटे भाग आणले होते, दुकानदारानं लिहिलं होतं, ‘शेअर पॉइंट, २ नग’. नांगराचा फाळ, त्याला इंग्रजीत शेअर म्हणतात. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, फाळाचा शेअर आणि वाट्याचा शेअर हे जुन्या इंग्रजीत दोन निराळे शब्द होते, पण दोघांचं मूळ एकच आहे, कापणे. एक जमीन कापतो आणि दुसरा जमिनीचे तुकडे पाडतो.

मग मी तिला आपल्या भाषेतलं सांगितलं. आपणही काही कमी नाही. आपण चटणी पाट्यावर वाटतो, पेढे गावात वाटतो, आणि मनाला काही वाटतं तेही वाटणंच. विहिरीत आमचा चार आण्यांचा हिस्सा होता, म्हणजे सोळा आण्यांतला चौथा वाटा, म्हणून चार दिवसांत एक दिवस मोट आमची. कुळानं निम्म्या वाट्यानं रान केलं की खळ्यावर रास मधोमध पडायची.

नात भराभर लिहीत होती. मी पण रंगात आलो होतो. शेवटी म्हणालो, “आणि माझ्या वडिलांची तीन एकर जमीन होती. त्यात माझा निम्मा शेअर आणि तुझ्या धाकट्या आजोबांचा निम्मा.”

तिनं मान वर केली. “आणि आत्याआजीचा?”

मी म्हणालो, “ती सासरी गेली ना.”

“पण ती पण त्यांचीच मुलगी ना?”

तिला वाद घालायचा नव्हता. वहीत लिहायचं होतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, “राहू दे, एवढे पुरे.” ती उड्या मारत गेली. मी पाऊस बघत बसलो.

आक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. वडिलांनी ती तीन एकर १९६८ साली विकत घेतली. वडिलोपार्जित नव्हे, स्वतः घेतलेली. तेव्हा आक्का बारा-तेरा वर्षांची असेल. दुसऱ्याच्या मळ्यात भांगलायला जायची आणि हजेरी आईच्या हातात द्यायची. तिची शाळा चौथीत सुटली, कारण घरी धाकटी भावंडं होती आणि आई रोजानं जायची. त्या धाकट्या भावंडांत मी होतो. माझी दहावी झाली ती तिच्या चौथीवर, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि मनात आणणं यात अंतर आहे. १९७४ ला तिचं लग्न झालं, दिवे घाटाच्या वर, पुरंदर तालुक्यातल्या कोरडवाहू गावात.

वडील १९९८ ला गेले, आई त्याआधीच गेली होती. सात-बाऱ्यावर वारस म्हणून आम्हा तिघांची नावं लागली. मग २००४ साली, आमच्या बाजूला जमिनींना भाव येऊ लागला तेव्हा, जाणत्या लोकांनी सांगितलं, बहिणीचं नाव काढून घ्या, उद्या भाचे उभे राहतील. आम्ही आक्काला बोलावलं. ती सकाळच्या गाडीनं आली. पुण्यातल्या कचेरीत गर्दी होती. हक्कसोडपत्र आधीच टाइप होऊन तयार होतं. आक्कानं विचारलं, “कुठं करू सही?” बोट दाखवलं तिथं तिनं चौथीतल्या अक्षरात सही केली, अंगठा उठवला आणि शाईचा अंगठा पदराला लागू नये म्हणून वर धरून उभी राहिली. नंतर लक्ष्मी रोडला तिला बाराशे रुपयांची साडी घेतली, राईसप्लेट खाल्ली आणि गाडीतळावर सासवडच्या गाडीत बसवून दिलं. घरी येताना भाऊ म्हणाला, “झालं एकदाचं.” मी पण म्हणालो, “झालं.”

कागदावर लिहिलेलं होतं, ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’.

आता मी हे लिहितोय तर वाचणाऱ्यांतले निम्मे म्हणतील, यात काय विशेष, सगळीकडं असंच होतं. खरं आहे. आमच्या आळीत मी किती घरं मोजू? आणि आमच्याकडं उत्तरंही तयार असतात. लग्नात खर्च केला. दर दिवाळीला ओवाळणी घातली. आईबापांचं आजारपण आम्ही काढलं. जमीन आम्ही कसली. यातलं एकही खोटं नाही. पण लग्नाचं कर्ज एका उसाच्या बिलात फिटलं होतं, ते मी स्वतः बघितलंय. आणि एका उसाच्या बिलात एक एकर कोण देतो?

कायद्याचं म्हणाल तर पुष्कळांना वाटतं की मुलीचा हक्क हे अलीकडचं खूळ आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मानं हक्क द्यायचा कायदा आपल्या महाराष्ट्रात १९९४ ला आला, पण आधीच लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. साऱ्या देशासाठी २००५ ला दुरुस्ती झाली, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्या दिवशी बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क जात नाही. हे सगळं वडिलोपार्जितचं. बापानं स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगा-मुलगी सारखेच, हे १९५६ पासून आहे. म्हणजे आक्काचा वाटा तिला कुणी द्यायचा राहिलाच नव्हता. वडील गेले त्या दिवशी तो तिचा झाला होता. आम्ही तो घेतला, आणि कागद असा केला की तिनं दिला असं दिसावं.

जोतिराव फुल्यांची शेती आमच्या मांजरीत होती, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. जयंतीला हार घालतो. मीही भाषण केलेलं आहे, स्त्री-पुरुष समानतेवर, टाळ्या पडलेल्या. कचेरीत आक्काचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर ठेवला तेव्हा मला त्यांची आठवण झाली नाही.

इंग्रजी शब्दात एक गंमत आहे ती मला नातीच्या वहीमुळं कळली. ‘माझा शेअर’ म्हटलं की आपण आपल्या वाट्याभोवती कुंपण घालतो. ‘मी शेअर करतो’ म्हटलं की तेच कुंपण काढतो. एकच शब्द, एकदा राखायचा आणि एकदा द्यायचा. कचेरीत आम्ही शेअर राखत होतो, आणि कागदावर आक्का शेअर देत होती. मग खरं काय झालं? जिला नाही म्हणायची सोय नव्हती, तिनं हो म्हटलं तर ते देणं होतं का? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आणि तो विचारायची जागा एकच होती.

भाद्रपदात मी सासवडची गाडी धरली. आक्का ओसरीत सुपात वाटाण्याच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. मी पण चार शेंगा घेतल्या. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, “आक्का, त्या दिवशी कचेरीत सही करताना तुला काय वाटलं होतं?”

“आज इचारतोस व्हय?” तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सोलत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “सही मी दिलीच असती बाळा. भावांनी मागितल्यावर न्हाई कसं म्हणायचं? माह्यार तुटलं असतं. पर कागूद वाचून दाखवायला पायजे हुता. कितीचा हाय ते तरी सांगायचं. मी काय दिलं त्ये मला आजतागायत ठावं न्हाई.”

“चाळीस गुंठे,” मी म्हणालो.

“चाळीस.” तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. “म्हंजे एक एकर. तेवढी तर ह्यांनी हितं जल्मभर राबून घेतली.”

पुढं ती काही बोलली नाही. चहा टाकायला उठली.

येताना दिवे घाटात गाडी उतरत होती आणि मला आमची चूक अखेर नीट दिसली. मी समजत होतो की आम्ही तिचे चाळीस गुंठे घेतले. त्याच्या आधी आम्ही दुसरं काहीतरी घेतलं होतं. नात म्हणते तसं, गोष्ट सांगणं, मनातलं बोलणं, हेही शेअर करणंच. आम्ही आक्काला आकडा सांगितला नाही, कागद वाचून दाखवला नाही. जाणून घेण्यातला तिचा वाटा आम्ही आधी कापला, म्हणून जमिनीतला वाटा इतक्या सहज कापता आला. वाटणी केली, पण तिला काय वाटतं ते विचारलं नाही. देणाऱ्याला किती देतोय ते ठाऊक नसेल आणि नाही म्हटल्यावर माहेर जाणार असेल, तर त्याला देणं म्हणता येत नाही. खाली सही असली तरीही नाही आणि बाई हसत घरी गेली तरीही नाही.

घरी येऊन पोरांना सांगितलं. हिशेब सरळ आहे. तिच्या चाळीसातले वीस माझ्याकडं आले आणि वीस भावाकडं. माझ्या साठ गुंठ्यांतले तीस मी २०१२ ला विकले. त्यातून हे घर झालं, पोरांची शिक्षणं झाली. उरलेल्या तिसातले वीस तिचे. मला राहतात दहा. थोरला काही बोलला नाही. धाकटा म्हणाला, “आबा, आजचा भाव माहितीये ना?” मी म्हणालो, “माहितीये, म्हणून तर आत्तापर्यंत गप्प होतो.” सून आतून ताटं घेऊन येत होती. ती दारातच थांबली आणि म्हणाली, “द्या आबा. मी पण मागच्या वर्षी माहेरी जाऊन सही करून आले.” त्यावर कुणाला बोलायला काही राहिलं नाही.

भावाला विचारलं. तो म्हणाला, “तू तुझं बघ.” त्याचं तो बघेल. बावीस वर्षांपूर्वी, दोघांनी मिळून एक काम केलं म्हणून आज त्याच्यावर ओरडायचा मला अधिकार नाही.

बक्षीसपत्राचा मसुदा आता तयार आहे. आक्काला फोनवर कळवलं तर म्हणाली, “मला आता या वयात काय करायची जिमीन?” मी म्हटलं, ते तू ठरव. ठेव, वीक, पोरींना दे, नाहीतर नको म्हण. पण या वेळी आधी कागद वाचायचा. नात वाचणार आहे, ओळ न ओळ, चतुःसीमेसकट. पूर्ण ऐकून झाल्यावर मी आक्काला विचारणार, तुला काय वाटतं. आणि ती नाही म्हणाली तर ते ‘नाही’ सुद्धा तिच्या वाट्याचं आहे, बावीस वर्षं राहिलेलं.