काचा सकाळीच पुसाव्या

वर्ध्याचं ऊन म्हणजे काचा पुसणाऱ्याचा वैरीच. तापलेल्या काचेवर पाणी लगेच वाळतं आणि साबणाचे ओघळ तसेच राहतात. म्हणून हे काम सकाळी, सावलीच्या बाजूनं. आधी कोरडी धूळ झटकायची, नाहीतर तिचाच चिखल होतो. मग पाणी आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा. कापसाच्या जिल्ह्यात महागडी फडकी कशाला?

आणि हे काम एकट्याचं नाही. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहायला आले. आश्रमात झाडलोट सगळ्यांच्या वाट्याला यायची. आपल्याकडे मात्र दिवाळी आली की एकटी आई खिडकीवर चढते! वरच्या मजल्याची काच आतूनच पुसा, बाहेरून हवीच तर लांब दांड्याचं फडकं घ्या. आणि स्टूल धरायला कुणीतरी उठा.