वल्द, जौजे आणि पासपोर्टचा रकाना

आमच्या चिखलदऱ्याचे नाव आजवर किती तऱ्हांनी लिहिले गेले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले म्हणून ही कीचकदरा, आणि कीचकदऱ्याचे पुढे झाले चिखलदरा, अशी जुनी आख्यायिका. इंग्रजांच्या गॅझेटियरात हेच गाव 'चिकलदा' म्हणून सापडते. घाट उतरून परतवाड्याला गेले की शेजारी अचलपूर. जुन्या कागदांत ते एलिचपूर. वर गाविलगडाकडे पाहावे, तर त्याची डागडुजी करणारा, वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा विजयनगरच्या मुलखातला, जन्माने हिंदू, असे फिरिश्त्याने नोंदवून ठेवले आहे. गावांना आणि सुलतानांना 'पूर्वीचा तो तूच कशावरून?' असे कुणी विचारले नाही. हा प्रश्न आमच्या बहिणींना विचारला जातो. उमऱ्याला जायचे ठरते, मुलगा दुबईहून तिकीट पाठवतो म्हणतो, आणि पासपोर्टसाठी घरातले कागद पहिल्यांदाच एका ठिकाणी गोळा होतात, तेव्हा.

कोणतेही एक साधे नाव नमुन्यादाखल घेऊ. रझिया. शाळेच्या दाखल्यावर ती 'रझिया परवीन शेख रहीम', कारण वडील शेख रहीम. निकाहनाम्यात 'रझिया परवीन बिन्ते शेख रहीम'. रेशन कार्डावर 'रझिया बी शेख करीम', कारण कुटुंबप्रमुख शेख करीम. आधारवर नुसतीच 'रजिया बी', झ चा ज झालेला. बँकेच्या पासबुकात करीम हेच आडनाव. म्हटले तर पाच बायका, म्हटले तर एक. त्या पाचही आपणच आहोत हे तिने स्टँप पेपरवर लिहून द्यायचे, नोटरीचा शिक्का घ्यायचा, कधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, कधी गॅझेटात नाव छापून आणायचे. शेख करीमलाही कागदांचा त्रास होतो, स्पेलिंग चुकते, जन्मतारीख जुळत नाही. पण निकाह झाला म्हणून त्याच्या एकाही कागदावरचे नाव हललेले नसते. निकाह तर दोघांचा झाला होता.

हा सगळा घोळ अज्ञानामुळे होतो, असे आमच्यातले शिकलेले लोक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. वऱ्हाडातल्या पुष्कळ मुस्लिम घरांत आडनाव नावाची वस्तूच नव्हती. देशमुख, पटेल असली आडनावे ज्यांच्याकडे आहेत त्यांचे बरे. बाकीच्यांकडे 'शेख' किंवा 'सय्यद' हा नावाच्या आधी लागणारा शब्द. बाप शेख रहीम, मुलगा शेख सलीम, पूर्ण नाव शेख सलीम शेख रहीम. मुलींना 'परवीन', 'अंजुम', लग्नानंतर 'बी'. ही एक पूर्ण व्यवस्था होती, आणि तिच्यात कुणाचा कुणाशी गोंधळ होत नव्हता. न होण्याचे कारण दोन शब्दांत होते. जुना सातबारा किंवा खरेदीखत काढून पाहा. पुरुष असेल तर 'शेख सलीम वल्द शेख रहीम'. बाई असेल तर 'रझिया बी जौजे शेख करीम'. नवरा वारला असेल तर 'बेवा'. हे शब्द अरबी-फारसीतले, पण वऱ्हाडच्या महसुली मराठीत इतके मुरले की हिंदू कुणब्याच्या नावातही 'वल्द' सर्रास लागत असे.

या 'जौजे'कडे नीट पाहावे. तो नाव नाही, नाते सांगतो. 'जौजे शेख करीम' म्हणजे शेख करीमची पत्नी. ती कोण हे त्याच्या आधीच लिहून झालेले आहे, रझिया. नाव वेगळे, ओळखीची खूण वेगळी, आणि मध्ये एक शब्द दोघांना अलग ठेवणारा. पुढे छापील अर्ज आले, चौकटी आल्या, संगणक आला, आणि मधला शब्द गळाला. 'रझिया बी जौजे शेख करीम'ची 'रझिया बी शेख करीम' झाली. ती अमक्याची पत्नी होती, आता तिच्याच नावात अमका येऊन बसला. कुणी कायदा केला नाही, फतवा काढला नाही. एक शब्द जागेअभावी गेला, एवढेच.

पासपोर्टात ही जागेची टंचाई अक्षरशः मोजलेली आहे. यंत्राने वाचायच्या दोन ओळी त्याच्या तळाशी असतात. त्यांतल्या पहिल्या ओळीत नावासाठी ३९ घरे, आधी आडनाव, मग दिलेले नाव. जगभर हाच नमुना. त्यात 'वल्द' बसत नाही, 'बिन्ते' बसत नाही, 'जौजे' तर नाहीच. ज्याला आडनाव नाही त्याने ते कुठूनतरी आणावे, किंवा रकाना रिकामा सोडावा. रिकामा सोडणाऱ्यांचे काय होते ते नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसले. संयुक्त अरब अमिरातीने एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटन आणि भेटीचा व्हिसा नाकारायचे ठरवले. नंतर आतल्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल अशी सूट दिली. म्हणजे नुसत्या 'रजिया बी'ला दुबईच्या विमानात बसण्यासाठी एका पुरुषाचे नाव सोबत हवे.

आणि ज्या मुलखात ती निघाली आहे तिथली रीत काय? अरबांत बाई निकाहानंतर नाव बदलत नाही. हजरत खदीजा या बिन्ते खुवैलिद, हजरत आयेशा या बिन्ते अबू बक्र, हजरत हफ्सा या बिन्ते उमर. प्रेषितांच्या (स.) घरात येऊनही एकीने पतीचे नाव लावले नाही, आणि तसे करण्यात गौरव असता तर याहून मोठा गौरव कोणता होता? दत्तकपुत्रांना त्यांच्या जन्मदात्याच्या नावाने ओळखा असा आदेश सूरह अहजाबमध्ये आला, तेव्हा 'जैद बिन मुहम्मद' म्हणवले जाणारे हजरत जैद पुन्हा 'जैद बिन हारिसा' झाले. या आयतीवरून काही उलेमा पतीचे नाव लावणे गैर ठरवतात. आम्हाला हा निष्कर्ष थोडा ताणलेला वाटतो, कारण आयत वंशाबद्दल आहे, ओळखीबद्दल नाही. कुरआनातच नूह यांची पत्नी, लूत यांची पत्नी, फिरऔनची पत्नी असे उल्लेख आहेत. पण या तिसऱ्या उल्लेखापाशी थांबावे. परंपरा जिला आसिया म्हणते ती तिथे फिरऔनच्या नात्याने येते, आणि ईमानवाल्यांसाठी आदर्श म्हणून येते. नवऱ्याच्या नावाने तिचा पत्ता कळतो, ती कोण होती हे मात्र त्या नावाच्या नेमके उलट आहे. आणि जिचा उल्लेख स्वतःच्या नावाने होतो त्या एकमेव स्त्रीच्या, मरियमच्या, बाबतीत मुलगाच आईच्या नावाने ओळखला जातो, ईसा इब्ने मरियम.

मग पतीचे नाव ही आपली रीत आली कुठून? काही मराठी शेजाराने. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा जन्माची यमुना मागे राहिली होती; लग्नात नाव पालटले, आणि पकिप्सीच्या दफनभूमीतल्या दगडावर नवेच नाव आहे. काही इंग्रजी कायद्याने, ज्यात लग्नानंतर पत्नीचे कायदेशीर अस्तित्व पतीत विलीन होई. तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या धर्तीवर दिवाणी कायदा घेतला आणि आधुनिक होताना बायकांना पतीचे आडनाव सक्तीचे केले. तो वाद युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात २००४ मध्ये बाईच्या बाजूने लागला, आणि तुर्की घटना न्यायालयाने ते कलम रद्द करायला २०२३ उजाडले. उलटेही एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे, ते फारसे कुणी सांगत नाही. जंजिऱ्याच्या बेगम नाझलींची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये शिकायला लंडनला गेली. १९१२ मध्ये तिने पुण्याच्या बेने इस्रायल घरातला चित्रकार सॅम्युएल रहमीन याच्याशी निकाह केला. त्याने इस्लाम स्वीकारला, आणि दोघांनीही 'फैजी-रहमीन' हे जोडनाव घेतले. नवऱ्याने बायकोचे नाव लावले म्हणून आभाळ कोसळले नाही.

आमच्या मते प्रश्न बापाचे नाव की नवऱ्याचे, हा नाहीच. दोन्ही पुरुषांचीच नावे. प्रश्न असा की 'मी तीच' हे कुणाच्या साक्षीने ठरावे. इब्ने सीनाने कल्पना मांडली होती की हवेत तरंगणाऱ्या, काहीही न पाहणाऱ्या, न स्पर्शणाऱ्या माणसालाही 'मी आहे' हे कळतेच. ते तत्त्वज्ञानाला पुरे, काउंटरला पुरत नाही. काउंटरला साक्ष लागते, आणि लागावी. खोट्या नावाने प्रवास करणारेही असतात. निकाहातही साक्ष लागते. पण तिथले दोन साक्षीदार जिवंत माणसे असतात, आणि वकील मुलीची संमती आणतो ती अमक्याची मुलगी अमुक अशा तिच्या नावानिशी. आज साक्षीदार म्हणून फक्त स्पेलिंग उरले आहे. शेजारपाजार तिला चाळीस वर्षे ओळखतो, आणि एका अक्षराने तो खोटा पडतो.

हे केवळ उमऱ्याचे तिकीट वाया जाण्यापुरते नाही. आसाममध्ये राष्ट्रीय नागरिक नोंदणी झाली तेव्हा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लाखो बायकांकडे बापाशी नाते दाखवणारा एकच कागद होता, गावपंचायतीच्या सचिवाचा दाखला. गुवाहाटी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये तो निरुपयोगी ठरवला. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर तो पुन्हा ग्राह्य धरला. ते नऊ महिने त्या बायका कुणाच्या मुली होत्या?

कायदा अगदीच बहिरा आहे असे नाही. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला मागितला जात नाही आणि घटस्फोटितेला पूर्वपतीचे नाव देण्याची सक्ती नाही. एप्रिल २०१७ मध्ये, लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलण्याची गरज नाही, असे खुद्द पंतप्रधानांनी जाहीर केले. अर्जात जोडीदाराच्या नावाला स्वतंत्र रकाना आहे, म्हणजे हरवलेला 'जौजे' एका कोपऱ्यात परत आलेलाच आहे. माहेरचे नाव तसेच ठेवून पतीचे नाव त्या रकान्यात लिहिता येते. २०१८ च्या हजपासून पंचेचाळीस वर्षांवरील बायकांना चौघींच्या गटाने मेहरमशिवाय जाण्याची मुभा मिळाली. २०२३ मध्ये चार हजारांहून अधिक जणी तशा गेल्या. मात्र परतीची वाट अजून अवघड. माहेरचे आडनाव पुन्हा घ्यायचे तर घटस्फोटाचा हुकूम किंवा पतीची ना-हरकत जोडा, अशी केंद्राची अधिसूचना होती, तिला २०२४ मध्ये एका महिलेने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. खुला घेतलेल्या आमच्या बहिणीकडे बहुधा काझीचा कागद असतो. नाव लावताना नवऱ्याला कुणी विचारले नव्हते.

काही जणी आवडीने पतीचे नाव लावतात. मुलांच्या आणि आपल्या नावात अंतर नको म्हणून लावतात, वारल्यावरही सोडत नाहीत. त्या प्रेमाला आम्ही गुलामी म्हणणार नाही. तिने ठरवले असेल तर ते तिचे नाव. रेशन दुकानात कुणीतरी घाईत लिहिले आणि तेच चिकटले, तर ते तिचे नाही. मुलीची जन्मनोंद करताना, शाळेत पहिल्यांदा नाव घालताना बाप दोन मिनिटे थांबला आणि नाव, वडील, घराणे हे तिन्ही नीट वेगळे लिहिले, तर पुढचे निम्मे स्टँप पेपर वाचतील.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदांवर बाळाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. विवाहितेच्या स्वतःच्या नावाची जुनी पद्धत, म्हणजे मागे पती आणि त्याचे आडनाव, त्याच निर्णयात कायम ठेवली. तेव्हा रझियाच्या नातीच्या दाखल्यावर आजीसारखे पाच प्रकार होणार नाहीत असे नाही. पण तिच्या नावामागे आईचे जे नाव येईल ते एकटेच येईल. त्याला ना कुणाचा 'बिन्ते' जोडलेला असेल, ना कुणाचा 'जौजे'.