मैल्याची टाकी आणि शुचितेचा धर्म

घरातला मैला घराबाहेर गेला की घर शुद्ध झाले, असे मानण्याची रीत जुनी आहे. तो मैला पुढे कोणाच्या हाताला लागतो, हे धर्मविचारात फार थोड्यांनी विचारले. गटारे, मैलावाहिन्या आणि सेप्टिक टाक्या साफ करणे हा आज एक व्यवसाय आहे. त्यामागचा प्रश्न मात्र धर्माचा आहे. एकाची शुचिता दुसऱ्याच्या जिवावर उभी असेल, तर तिला शुचिता म्हणता येते का? वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या हिंगणीपासून पवनार-सेवाग्रामपर्यंतच्या टापूत, या प्रश्नाचा विचार हातात फावडे घेऊन झाला आहे.

सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेत विटाळ स्पर्शाने लागतो आणि स्नानाने जातो. मैला उचलणाऱ्या जातींना मात्र ही सोय नव्हती. त्यांचा विटाळ जन्माने लागलेला आणि कोणत्याही पाण्याने न धुतला जाणारा ठरवला गेला. चोखामेळ्याच्या पत्नी सोयराबाई यांनी या कल्पनेच्या मुळावरच घाव घातला. देहाची उत्पत्तीच विटाळातून होते, तेव्हा विटाळावाचूनचा देह कोणाचाही नाही, असा त्यांच्या अभंगाचा आशय आहे. हा युक्तिवाद बिनतोड आहे. समाजाने अभंग गायला आणि कामाची वाटणी होती तशीच ठेवली. खुद्द चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना भिंत कोसळून गाडले गेले, असे परंपरा सांगते. ज्याच्या भक्तीला मान मिळाला, त्याच्या अंगमेहनतीच्या जोखमीची चिंता कोणी केली नाही.

विसाव्या शतकात गांधीजींनी या कामालाच उपासनेचे स्थान देण्याचा प्रयत्न केला. वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना, १९३५ मध्ये, ते आणि त्यांचे सहकारी जवळच्या सिंदी गावात जाऊन रस्त्यावरचा मैला बादल्यांत भरून उचलत. १९३६ मध्ये ते शेगावला राहायला गेले. पुढे या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथल्या आश्रमात संडाससफाई सर्वांच्या वाट्याला येणारे काम होते. मैला चरात पुरायचा, वर माती लोटायची आणि तो कुजून सोनखत झाला की शेतात घालायचा, ही त्यांची पद्धत. किळसवाणी वस्तू मातीच्या संगतीने अन्नाला कारण होते, हा त्यातला तत्त्वविचार.

विनोबा भाव्यांनी हे व्रत आणखी पुढे नेले. १९४६ पासून ते पवनारहून जवळच्या सुरगावला रोज पायी जात आणि खांद्यावरच्या फावड्याने गावाभोवतीचा मैला साफ करत. एकदा पावसाने वाटेतला ओढा दुथडी भरला. पलीकडे जाता येईना, तेव्हा त्यांनी समोरच्या काठावरच्या माणसाला ओरडून सांगितले की, गावचा भंगी आला होता, पुरामुळे येऊ शकला नाही, एवढे देवळातल्या देवाला कळव. देवाची पूजा आणि गावाची सफाई त्यांच्या लेखी एकच होती, म्हणून रजा मागायची ती देवाकडे.

याच प्रसंगात प्रश्नाची खरी गाठ आहे. विनोबा ओढ्याच्या काठावरून परत फिरू शकले. ते ब्राह्मण कुळातले होते. काम त्यांनी निवडले होते आणि ते एक दिवस चुकले म्हणून त्यांची चूल विझणार नव्हती. जन्माने हे काम ज्याच्या माथी आले, त्याला ना निवड होती ना माघार. ही वाटणी किती पक्की होती, हे गांधीजींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन यांच्या उदाहरणावरून दिसते. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले, तेव्हा सवर्ण कैद्याला ते देता येत नाही असे उत्तर मिळाले. त्यासाठी १९३२ मध्ये त्यांना उपोषण करावे लागले आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांना साथ दिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप नेमका इथे होता. १९४५ च्या, काँग्रेस आणि गांधी यांची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात त्यांनी हा मुद्दा मांडला. भंगीकाम उदात्त आहे असे त्याच काम करणाऱ्याला सांगणे म्हणजे त्याला त्याच जागी बांधून ठेवणे, असे त्यांचे म्हणणे होते. भारतात माणूस काम करतो म्हणून भंगी ठरत नाही, जन्मामुळे ठरतो. १९५६ मध्ये शेजारच्या नागपुरात त्यांनी जो धम्म स्वीकारला, त्याच्या थेरगाथा या ग्रंथात सुनीत नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो निर्माल्य आणि केर उचलणारा होता. बुद्धांनी त्याच्या कामाची स्तुती केली नाही. त्याला संघात घेतले आणि ते काम त्याच्या डोक्यावरून उतरवले.

गांधी-विनोबांचा आणि आंबेडकरांचा असे हे दोन्ही विचार एकमेकांना छेद देतात, तरी त्यांतून एक कसोटी हाती लागते. काम पवित्र होण्यासाठी दोन अटी आहेत: ते नाकारण्याचे स्वातंत्र्य आणि त्यातल्या जोखमीची न्याय्य वाटणी. या अटी नसतील, तर कामाला पूजा म्हणणे हे अन्यायावरचे पांघरूण ठरते.

बंद टाकीत ही कसोटी सर्वांत कडक लागते. हवा नसलेल्या जागी मैला कुजला की जिवाणू हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार करतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणून धोका गेला असे वाटते आणि नेमक्या त्या क्षणी माणूस बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दोरीशिवाय, श्वसनयंत्राशिवाय दुसरा उतरतो आणि तोही जातो. एकाच टाकीत एकापाठोपाठ बळी जातात ते यामुळे.

हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीची अशी धोकादायक सफाई करवून घेण्यास मनाई केली आहे. ही मनाई नगरपालिकेइतकीच घरमालकाला आणि हॉटेलमालकालाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली.

हिंगणीसारख्या गावात हा प्रश्न शहरातल्या मोठ्या मैलावाहिन्यांपेक्षा घरामागच्या टाकीपाशी उभा राहतो. टाकी तुंबली, चेंबर भरून वाहू लागला की दोन वाटा असतात. पहिली, उपसा करणारा टँकर बोलवायचा, नळी आत सोडून मैला ओढून घ्यायचा, लाइन तुंबली असेल तर जेटिंग मशीनच्या दाबाच्या पाण्याने मोकळी करायची आणि माणूस वरच ठेवायचा. दुसरी, थोड्या पैशांत एखाद्या गरजू मजुराला बादली देऊन आत उतरवायचे. दुसऱ्या वाटेने वाचलेले पैसे त्या मजुराच्या जिवातून वजा झालेले असतात. म्हणून टँकरचे भाडे हा धर्माचाच खर्च समजावा. नव्याने बांधताना दोन खड्ड्यांचे शौचालय निवडले तर कोणाला टाकीत उतरावेच लागत नाही. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्यातला मैला खत होईपर्यंत झाकून ठेवायचा. सेवाग्रामच्या सोनखताचे तत्त्व इथे माणसाचा जीव धोक्यात न घालता टिकते.

शुचिता ही स्वतःच्या अंगाची आणि अंगणाची गोष्ट मानली, तर ती घाण दुसरीकडे सरकवण्यापुरती उरते. आपल्या मैल्याचा शेवट कुठे आणि कोणाच्या हातून होतो याची जबाबदारी मालकाने घेतली, तरच ती धर्म ठरते.