व्यवसायगुरूचे तर्पण



ज्या वडीलधाऱ्याने आपणांस व्यवसाय शिकविला, तो निवर्तला असता त्याचे सुतक पाळण्याची रूढी नाही. ऋण मात्र उरतेच.

उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांचे पहिले लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या अविश्वासामुळे दोन वर्षे पडून राहिले होते. अविश्वासाचे हे दुःख भोगलेल्या त्या पुरुषाने पुढे तुरुंगातून सुटलेल्यांसही किर्लोस्करवाडीत रात्रीच्या राखणीवर नेमले! आज आपल्या देवासातही किर्लोस्करांचे पंप तयार होतात.

शोकाने एक दिवस दुकान बंद ठेवणे सोपे. परंतु गुरूने आपणांवर टाकलेला विश्वास एखाद्या अननुभवी मुलावर टाकणे, हेच खरे तर्पण होय. टेकडीवरील जगदंबा ती बुद्धी आपणां सर्वांस देवो.