दिवा लावा, मग होडी सोडा

“सर, पाणी पाठ आहे आम्हाला.” हे उत्तर मला पुन्हा ऐकवायचं नाही. गेल्या रविवारी पहाटे, चांगला काळोख असताना, तुमच्यातल्या दोघांच्या होड्या एकमेकींना घासून जायच्या बाकी राहिल्या. दोन्ही होड्या पर्यटकांनी भरलेल्या, दोन्हींवर दिवा नाही. काठाला आल्यावर दोघेही हसत होते आणि वर मलाच सांगत होते, काही झालं नाही ना सर! झालं नाही ते नशिबाने. तुमच्या हुशारीचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

आता खाली बसा आणि ऐका. मोबाईल खिशात ठेवा. रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईचे लोक आपल्या भिगवणच्या पाण्यावर येतात, त्यावर तुमची चूल पेटते, याचा मला आनंद आहे. डिकसळला, कुंभारगावला हिवाळ्यात शनिवार-रविवारी काठावर उभं राहायला जागा नसते. पण म्हणूनच विचारतो, एवढी गर्दी झालेल्या पाण्यात अंधारात होडी घालताना तुम्ही काय समजून घालता?

उजनी धरणाचं हे पाणी पाठ होत नसतं. दिवाळीच्या सुमाराला जिथून होडी सरळ निघून जाते, तिथेच मार्चमध्ये बाभळीचे बुंधे आणि बुडालेल्या घरांची जोती तळाला लागतात. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात उघडं पडतं तेव्हा फोटो काढायला तुम्हीच लोकांना नेता ना? मग बाकीच्या महिन्यांत ते देऊळ कुठे जातं? तिथेच असतं, पाण्याखाली. आणि तळ एक वेळ पाठ असेलही, पण काल संध्याकाळी कोणी कुठे जाळं सोडलं ते कसं पाठ असणार? पंख्यात जाळं गुंतलं की मशीन बंद, होडी आडवी, आणि मागून दुसरा कोणीतरी तसाच बिनदिव्याचा, पाणी पाठ असलेला.

तुम्ही दिवा लावत नाही, कारण “आम्हाला चांदण्यात दिसतं.” अरे, तुम्हाला दिसत असेल, पण तुम्ही दिसता का? हंगामात सोलापूर रस्त्यावर उसाची ट्रॉली रात्री बिनदिव्याची, बिनरिफ्लेक्टरची उभी असते, तेव्हा तिच्या मालकाला किती शिव्या घालता? मागून मोटारसायकलवाला येऊन आदळला की गावभर हळहळता. पाण्यावर तुम्ही तीच ट्रॉली होता, फरक एवढाच की पाण्यावर ब्रेक नसतो.

गणित तुम्हाला मीच शिकवलंय, करा हिशेब. ताशी २० किलोमीटरने होडी चालली तर एका सेकंदाला साडेपाच मीटर जाते. समोरूनही तेवढ्याच वेगाने दुसरी आली तर दोघांमधलं अंतर सेकंदाला ११ मीटरने कमी होतं. तुमच्या मोबाईलच्या टॉर्चला समोरची होडी ३० मीटरवर दिसली, असं धरू. ती तेवढ्यावरही दिसत नाही, पण धरू. हातात तीन सेकंदसुद्धा उरत नाहीत. त्यात पाहायचं, ओळखायचं, मशीनचा दांडा फिरवायचा आणि होडीने वळायचं. फळ्यावर हे गणित दिलं असतं तर तुम्हीच उत्तर दिलं असतं, जमत नाही म्हणून. मग अंधारात वेग किती ठेवायचा? जेवढ्या पाण्यात नजर पोचते, तेवढ्यात होडी थांबली पाहिजे. त्याहून जास्त नाही.

तो मोबाईलचा टॉर्च तर मला पाहवत नाही. अंधाराला डोळा सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. तो सराव एका झगझगीत उजेडाने क्षणात मोडतो. तुम्ही टॉर्च लावता, स्वतः आंधळे होता, समोरच्याच्या तोंडावर मारून त्यालाही आंधळं करता, आणि लांबच्याला तुम्ही कोण, कुठे चाललात, यातलं काहीच कळत नाही. एक चांगली विजेरी हाताशी हवीच. हातवल्ह्याची छोटी होडी असेल तर कोणी जवळ येतोय म्हटल्यावर तीच वेळेवर दाखवायची असते. पण मशीनच्या होडीला पक्के दिवे हवेत.

ते कसे असतात, हे जगाने कधीच ठरवून ठेवलंय. १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत बारा मीटरपेक्षा लहान मशीनच्या होडीला सोपी सोय दिली आहे: डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, आणि चारी दिशांनी दिसेल असा एक पांढरा दिवा. हा पांढरा दिवा लाल-हिरव्यापेक्षा निदान मीटरभर उंच काठीवर असावा लागतो. तुम्ही तो लावलात तर कुठे? बाकाखाली! सहा माणसं बसली की दिवा त्यांच्या पाठींमागे गडप. नियमाप्रमाणे तो दोन सागरी मैलांवरून, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून लांबून दिसला पाहिजे. तो तुमच्या पायाशी उजेड पाडायला नसतो.

रंग का वेगळे, हेही समजून घ्या. समोर लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती होडी थेट तुमच्यावर येते आहे. दोघांनीही उजवीकडे वळायचं. तुमच्या उजव्या हाताला लाल दिवा दिसला, तर तो तुमच्यासमोरून आडवा जाणार आहे. वाट तुम्ही द्यायची, त्याने नाही. “मी आधी निघालो होतो” हे पाण्यावर चालत नाही. आणखी एक खूण कधी विसरू नका. दुसऱ्या होडीचा दिवा मोठा होत चाललाय, पण तुमच्या नजरेतली त्याची जागा सरकत नाही, तो पुढेही जात नाही आणि मागेही पडत नाही, तर टक्कर ठरलेली आहे. तो सरकत नाही म्हणून उभा असेल, असं समजून निवांत बसलात तर संपलात.

मशीन बंद केली म्हणून दिवा बंद करायचा नाही, हे मला तुमच्याशी भांडून सांगावं लागतं. “पक्षी उडतात सर.” कॅनडात ओंटारियोमध्ये जोसेफ नावाचा तलाव आहे. २४ ऑगस्ट २०१९च्या रात्री तिथे एक बोट पाण्यात थांबली होती. माणसं आकाशातले तारे बघत होती. दुसरी बोट येऊन आदळली आणि दोन माणसं गेली. खटला चालला तेव्हा न्यायालयाने मानलं की थांबलेल्या बोटीचे दिवे बंद होते. काठीवरच्या छोट्या दिव्याने रोहित उडत नाहीत. ते उडतात तुमच्या मशीनच्या आवाजाने आणि थव्यात घुसण्याच्या हौसेने. लांब थांबा, हळू जा, दिवा चालू ठेवा. मधूनमधून मशीन मिनिटभर बंद करून ऐकतही चला. स्वतःच्या फटफटीत दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि डिसेंबरच्या धुक्यात कानच उपयोगी पडतो.

आता जॅकेट. तुमच्या होडीत ती आहेत, मी पाहिली आहेत. त्यांवर बसता तुम्ही! बाक टोचतो म्हणून बुडाखाली घेता आणि पर्यटकाने मागितलं तर “काही होत नाही हो साहेब” म्हणता. पट्टे तुटलेले, शिट्टी एकालाही नाही. अंधारात पाण्यात पडलेला माणूस डोळ्यांनी सापडत नाही, शिट्टीने सापडतो. लेकराला मोठ्या माणसाचं जॅकेट चढवलं तर लेकरू खालून निसटतं, त्यासाठी लहान मापाची वेगळी घ्या.

२१ मे २०२४ विसरलात का? कुगावहून कळाशीला निघालेली होडी संध्याकाळच्या वादळात याच पाण्यात उलटली. सात माणसं होती. एक पोहत काठाला लागला, सहा गेली, त्यांत लेकरं होती. त्यांचा शोध चालला, तेव्हा तुम्ही सगळे काठावर उभे होतात. ढग काळे झाले, वारा फिरला, तर फेरी रद्द. पैसे परत द्यायचे. त्याच्या आदल्या वर्षी ७ मेला केरळात तानूरला अंधार पडता पडता पर्यटकांची बोट उलटली आणि २२ जीव गेले. मासेमारीच्या होडीची पर्यटकांची बोट केली होती आणि वर माणसं कोंबली होती. तुमचीही होडी मासेमारीचीच आहे. ती जाळ्यासाठी आणि दोन माणसांसाठी बांधली होती. तिच्यात आठ शहरी माणसं, त्यांच्या बॅगा आणि तिवया घेता, आणि फोटोसाठी सगळे एका अंगाला झुकले की हसता.

तो पुढे उभा राहून फोटो काढणारा तर पहिला खाली बसवा. तुम्ही मागे मशीनपाशी बसता. तो पुढे उभा राहिला की तुमच्यासमोर पाणी नसतं, त्याची पाठ असते. “साहेब, बसल्याशिवाय होडी हलणार नाही,” एवढं म्हणायला जीभ का अडखळते? तो पैसे देतो म्हणून? रात्री बाटली घेऊन “एक चक्कर मार” म्हणणाऱ्यालाही तोंडावर नाही म्हणा. शंभर रुपये जास्त देतो म्हणून घेतलेल्या प्यायलेल्या माणसाला पाण्यातून ओढून काढायची ताकद तुमच्या हातात नाही.

हे सगळं फक्त सरांचं म्हणणं नाही. २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, आणि होडीच्या नोंदणीपासून जीवरक्षक साधनांपर्यंत त्यात सगळं येतं. तपासणीला कोणी येत नाही, हे मला माहीत आहे. कोणी येत नाही म्हणून वाटेल तसं वागायचं, हे मी तुम्हाला शाळेत कधी शिकवलं होतं?

शनिवारी अंधार पडल्यावर प्रत्येकाने आपली होडी धक्क्यावर आणायची. दिवे काठीवर बांधलेले, बॅटरी भरलेली, जॅकेटं झटकून, पट्टे शिवून. एकेकाला पाण्यात पाठवीन आणि इथे काठावर उभा राहून पाहीन. लाल कुठे, हिरवा कुठे, पांढरा माणसांच्या डोक्यावरून दिसतो की नाही, ते मी सांगेन. ज्याचा दिवा मला दिसणार नाही, त्याने रविवारी पहाटे एकही माणूस होडीत घ्यायचा नाही. गेल्या रविवारच्या त्या दोघांचा पहिला नंबर. तुमच्या आयांशी माझं बोलणं झालेलं आहे.