ऋणकऱ्याचा आनंद

वडीगोद्री हे जालना जिल्ह्यातील, सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. दिवाळी सरली की या परिसरातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम त्या जोडीला आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, देतो आणि हंगामभर दोघांनी राबून ती फेडायची असते. अशाच एका घरी माझे जाणे झाले. घरधन्याने दारू सोडून दोन वर्षे झाली होती. चेहऱ्यावर तेज होते, प्रार्थनेत आवाज खणखणीत होता. मी निघालो तेव्हा त्याची पत्नी अंगणात आली व हलक्या आवाजात म्हणाली, "फादर, हे आता हसतात. चांगलंच झालं. पण उचल ह्यांनी प्यायची अन् फेडायची माझ्या हातांनी. ती बारा वर्षं मला कोण परत देणार?"

मी निरुत्तर झालो. ज्याने आपल्या माणसांना रडविले, त्याला आनंदित होण्याचा अधिकार आहे काय?

व्यसन हा आजार आहे, असे आज वैद्यकशास्त्र सांगते, आणि ते खरे आहे. म्हणूनच दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर जिवावर बेतू शकते. त्यासाठी डॉक्टरांची देखरेख हवी. आजार म्हटल्याने लाज ओसरते आणि उपचाराची वाट मोकळी होते. परंतु त्या माउलीच्या बारा वर्षांचे ऋण तेवढ्याने फिटत नाही.

डब्लिन शहरातील मॅट टॅलबट या मजुराची येथे आठवण होते. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने प्रथम तीन महिन्यांसाठी दारू न पिण्याची शपथ घेतली आणि पुढे ती आयुष्यभर पाळली. पिण्याच्या दिवसांत त्याने व त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर वाजविणाऱ्या एका गरीब वादकाचे व्हायोलिन चोरून दारूसाठी विकले होते. शुद्धीवर आलेल्या मॅटने त्या वादकाचा पुष्कळ शोध घेतला. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करावयास त्याने पैसे दिले. ७ जून १९२५ रोजी मिस्साला जात असताना वाटेतच त्याला मरण आले. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला 'वंदनीय' म्हणून गौरविले. काही ऋणे फिटत नाहीत. तरी ऋणको शोध थांबवीत नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांतील पहिली म्हणजे दारूपुढील आपली हतबलता मान्य करणे. आठवी व नववी पायरी मात्र इतरांकडे वळते: आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करावी आणि, त्यांना नवी इजा होणार नसेल तेथे, प्रत्यक्ष भरपाई करावी. आपल्याकडे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' उभारले. अशा ठिकाणी माणूस दारू सोडावयास जातो. खरे बोलावयास शिकणे हे त्याहून लांबचे काम तेथे सुरू होते.

दारूतील सुखाला विस्मरण लागते. घर, लेकरे, देणी विसरल्यावाचून ते मिळत नाही. व्यसनमुक्त माणसाचा आनंद स्मरणातून येतो. त्याला काल रात्रीचे सर्व आठवते आणि त्यात लपविण्याजोगे काही नसते. मुलाच्या नजरेला नजर देता येते. आपल्या हातून जे घडले तेही आठवते, आणि तरी परमेश्वराने आपला हात सोडला नाही, याचे नवल वाटते. हा आनंद त्याचा अधिकार नव्हे. ते कृपादान आहे. जो आनंद मागील ऋण विसरावयास लावील, ती दुसरी नशाच समजावी.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ बाहेर रुसून उभा राहतो. आपण त्याला चटकन दोष देतो. पण त्याने मांडलेला आपल्या कष्टांचा हिशेब खोटा नव्हता. पित्याने धाकट्याची मेजवानी थांबविली नाही, आणि तरीही तो थोरल्याची समजूत घालावयास स्वतः बाहेर आला. आपल्या धर्मग्रामांनीही ही दोन्ही कामे करावीत. परतलेल्याचे कौतुक करावे, आणि अंगणात उभ्या असलेल्या पत्नीकडेही जावे. "आता क्षमा करून टाक" अशी घाई तिच्यामागे लावू नये. तिची क्षमा तिच्या वेळेने येईल.

पुढच्या हंगामाआधी मी त्या घरी पुन्हा गेलो. त्याने मुकादमाला सांगून उचल पत्नीच्या हातात मोजावयास लावली होती. क्षमेविषयी ती काही बोलली नाही. "फादर, पैसे मी दोनदा मोजले," एवढेच म्हणाली, आणि किंचित हसली. तिचा नवरा जरा दूर, मान खाली घालून, कोयत्याला धार लावीत बसला होता. त्या संध्याकाळच्या मिस्सात मी दोघांचीही नावे घेतली.